मेडिकलवरची ट्यूब आणि बायोडाटातला वर्ण

२०२० च्या उन्हाळ्यात फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. त्याच सुमारास शादी डॉट कॉमने स्थळं शोधताना लागणारी वर्णाची चाळणी काढून टाकली. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद लग्नसराईच्या तोंडावर पुन्हा पुन्हा निघतो. एक बाजू म्हणते, जाहिरातींनी गोरेपणाचं वेड लावलं, त्या बंद करा. दुसरी म्हणते, वेड आधीपासूनचं आहे, कंपन्या मागणी पुरवतात, आणि कुणी तोंडाला काय लावावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. ब्रिटनमध्ये राहून हा वाद वाचताना वाटतं की दोन्ही बाजू पडद्याकडेच बघताहेत. बीड, परभणी, हिंगोलीच्या मुलींच्या चेहऱ्याचं खरं नुकसान पडद्यावर होत नाही. ते मेडिकलच्या काउंटरवर होतं, आणि त्याला दहा ग्रॅमची एक ट्यूब पुरते.

जाहिरातीचा दोष कमी नाही. १९७५ साली ही क्रीम बाजारात आली तेव्हापासून गोष्ट एकच सांगितली गेली: सावळी मुलगी मागे पडते, उजळली की नोकरी मिळते, स्थळ येतं, बाप हसतो. पुड्यावर छटांची पट्टी असायची, म्हणजे आज कुठल्या पायरीवर आहोत ते आरशात बघून मोजायचं. २००५ मध्ये पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आली आणि पोरंही त्याच पट्टीवर उभी राहिली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचं नाही असे नियम केले. गोष्ट थोडी बदलली, आणि शब्द तर पुरते बदलले. आता ‘गोरेपणा’ कुणी म्हणत नाही. ‘ग्लो’, ‘ब्राइटनिंग’, ‘डी-टॅन’ म्हणतात. डी-टॅन हा शब्द मला सगळ्यात घातक वाटतो. तुझा मूळ रंग वेगळाच आहे, हा अंगावर बसलेला थर आहे, तो काढता येतो, असं तो सुचवतो. कापूस वेचून आलेल्या बाईला तिचा जन्माचा रंगच मळ वाटायला लागतो.

आता या क्रीम करतात काय? बहुतेकांत नियासिनमाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, आणि थोडं सनस्क्रीन असतं. रंगद्रव्याचे कण तयार करणाऱ्या पेशींकडून वरच्या पेशींकडे जातात, ती वाहतूक नियासिनमाइड काहीशी मंदावतं. फरक पडायला काही आठवडे लागतात, तो जेमतेम दिसतो, आणि लावणं थांबवलं की जातो. म्हणजे जाहिरातीने जे कबूल केलं ते त्या ट्यूबमध्ये नाहीच. मुलगी दोन महिने लावते, आरशात काही हलत नाही. पण आशा जागी झालेली असते, घरात ‘कशानं काळी पडायलीस गं?’ चालूच असतं, पाहण्याचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलेला असतो. मग ती मेडिकलवर जाते आणि म्हणते, ‘चेहऱ्याला लावायची चांगली ट्यूब द्या.’ जाहिरात आणि काउंटर यांचा सांधा इथे आहे. जाहिरातीचा माल कामाचा नाही म्हणूनच तो गिऱ्हाइकाला पुढच्या, जास्त जालीम मालाकडे ढकलतो.

त्या ‘चांगल्या’ ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं असतात: रंगद्रव्य रोखणारं हायड्रोक्विनोन २ टक्के, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. या तिकडीचं मूळ सूत्र अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं तेही १९७५ सालीच. त्यात मोमेटासोनऐवजी वेगळं स्टेरॉइड होतं आणि उद्देश होता वांगासारख्या डागांवर इलाज. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रात्री, फक्त डागावर, साधारण आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असं ते औषध आहे. आपल्याकडे ते सगळ्या तोंडाला, रोज, वर्षानुवर्षं लागतं.

ते चालतं, हीच अडचण. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, सूज आणि लाली मारतं, रंगपेशींचं काम दाबतं. आठवड्याभरात चेहरा उजळ, तुळतुळीत दिसतो. शेजारीण विचारते काय लावतेस, आणि नाव गल्लीभर होतं. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल जाळं दिसतं, बारीक पुरळ उठतात, हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. मग ती बंद करते. आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, तोंड लालबुंद होतं, सुजतं, खाजतं. ट्यूब पुन्हा लावली की लवकरच आराम पडतो, म्हणून तिला खात्री पटते की ट्यूब औषध आहे आणि रोग तिच्या चेहऱ्यात आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलंय, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’.

आपल्या कातडीची एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. सावळ्या त्वचेत रंगपेशी फार तत्पर असतात. भाजलं, खरचटलं, पुरळ आलं, जळजळ झाली की बरं होताना तिथे काळा डाग राहतो. म्हणजे उजळवायला लावलेल्या प्रत्येक जहाल गोष्टीचा शेवट काळवंडण्यात होऊ शकतो. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर निळसर काळे डाग पडतात, ते मग सहजी जात नाहीत.

गजकर्णावरची ट्यूब हा याच गोष्टीचा दुसरा तुकडा. मराठवाड्यात पावसाळ्यात जांघेत, कमरेला गजकर्ण उठतं. त्यावर मेडिकलवाला बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल एकत्र असलेली ट्यूब देतो. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. वर तीच ट्यूब घरात पडलेली असते म्हणून आईची लेकीच्या चेहऱ्यावर, लेकीची बाळाच्या लंगोटीतल्या पुरळावर जाते. क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र गटातलं स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर त्याला जागाच नाही.

इथल्या काउंटरशी तुलना करतो. ब्रिटनमध्ये स्टेरॉइड क्रीमच्या चार पायऱ्या आहेत: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. सौम्य म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. ते फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं, पण १५ ग्रॅमचीच ट्यूब, जास्तीत जास्त सात दिवस, दहा वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि चेहऱ्यासाठी नाही. ‘चेहऱ्याला लावायचंय’ एवढं म्हटलं की फार्मासिस्टला ती विकता येत नाही, डॉक्टरकडे पाठवावं लागतं. मोमेटासोन तिसऱ्या पायरीवर, क्लोबेटासोल चौथ्या. दोन्ही चिठ्ठीशिवाय हातात येत नाहीत. सर्वांत सौम्य औषधाला इथे जो अडसर आहे, तो आपल्याकडे सर्वांत जालीम औषधालाही नाही.

कागदावर हा अडसर आहे, हेही सांगायला हवं. मार्च २०१८ मध्ये केंद्राने चौदा स्टेरॉइड क्रीमची सूट काढली आणि त्या शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, आणल्या. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं झगडा केला होता. फसव्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्यांदा दहा लाख आणि नंतर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची कमतरता आहे असं मला वाटत नाही. काउंटरवर बघणारं कुणी नाही, ही कमतरता आहे.

म्हणून ‘परदेशात असं नसतं’ हे वाक्य मला सहन होत नाही. इथली माणसं रंगाबाबत शहाणी नाहीत. इथे गोऱ्या पोरी काळवंडायला पैसे देतात. अतिनील दिव्याखाली झोपायची यंत्रं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये कर्करोगकारक म्हणून सर्वांत वरच्या गटात टाकली. इथल्या सरकारने मग अठरा वर्षांखालच्यांना ती वापरायला देणं गुन्हा ठरवलं. ओठ फुगवण्याची सुई अठराच्या आतल्या मुलींना सर्रास टोचली जात होती, ती इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून कायद्याने बंद झाली. वेड गेलेलं नाही, विकणाऱ्याच्या हातावर मात्र कुणीतरी पट्टी मारतं. २०११ मध्ये जाहिरात नियामकाने ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांचे चेहरे असलेल्या दोन प्रसाधनांच्या जाहिराती थांबवल्या. कारण एवढंच, की फोटोवर किती हात फिरवलाय ते कंपनीला दाखवता आलं नाही. २०२१ मध्ये तिथूनच निर्णय आला की सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने उत्पादनाचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर वापरायचा नाही. नॉर्वेमध्ये तर जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर फोटोवर तशी खूण लावावी लागते.

आणि इथे आलेले आपण? हे लिहिताना मला लाज वाटते. आशियाई आणि आफ्रिकी वस्त्यांतल्या दुकानांत बंदी असलेल्या गोरेपणाच्या क्रीम काउंटरखालून विकल्या जातात. लंडनच्या सदर्क पालिकेने त्यासाठी दुकानदारांवर खटले भरले आहेत. ‘परदेशस्थ, उच्चशिक्षित’ मुलाच्या स्थळात ‘गोरी, सुंदर’ हे शब्द अजून येतात. सुट्टीत गावी जाताना बॅगेतून ‘फॉरेनची क्रीम’ नेली जाते आणि नांदेडच्या मावसबहिणीला वाटतं, फॉरेनची आहे म्हणजे चांगलीच असणार.

या फॉरेनच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण लागोपाठ मिळाले, आणि धागा अशा क्रीमपर्यंत पोचला. पाऱ्याबाबतच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात प्रसाधनांसाठी पूर्वी दशलक्षात एक भाग अशी मर्यादा होती; २०२३ मध्ये तीही काढून पारा घातलेली प्रसाधनं सरसकट बंद करायचं ठरलं. ओळखायचं कसं? डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयातीचा नोंदणी क्रमांक नाही, तर ती लावायची नाही. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असं लिहिलं असेल तर शंका जवळजवळ पक्की. कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस, अमोनिएटेड मर्क्युरी ही सगळी पाऱ्याचीच नावं. स्टेरॉइडची नावं बहुधा ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ने संपतात: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. ट्यूबवर लाल उभी रेघ आणि आरएक्स असं असेल तर ते प्रसाधन नाही, औषध आहे.

आधीच अडकलेल्या मुलींना ‘बंद कर’ एवढंच सांगणं क्रूर आहे. वर्षभर लावलेली ट्यूब एका रात्रीत सोडली तर तोंड भडकतं, आणि ती पुन्हा त्याच ट्यूबकडे जाते. त्वचारोगतज्ज्ञ सहसा तीव्रवरून सौम्य स्टेरॉइडवर आणतात, मग एक दिवसाआड, मग बंद. गरज पडली तर टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. पहिले काही आठवडे वाईट जातात, चेहरा पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात. त्या काळात साधं, वासाचं नसलेलं मॉइश्चरायझर आणि कोमट पाणी. हळद, लिंबू, बेसन, मुलतानी, काहीही नको. पार्लरचं ब्लीच तर अजिबात नको. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरची लव भुरी करतं, कातडी नव्हे, आणि ‘लग्न उद्यावर आहे’ म्हणून पावडर जास्त घातली की पातळ कातडी भाजते. आणि त्या महिन्यांत घरच्यांनी तिच्या तोंडाकडे बघून काही बोलू नये.

सनस्क्रीनबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सावळ्या त्वचेला उन्हाने कर्करोग होण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे प्रत्येकीने घाबरून महागडी बाटली घेण्याची गरज नाही. पण वांग असेल तर लागतंच, आणि तेही आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर काढलेल्या रेघांइतकं. त्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी दीड महिना जेमतेम पुरते. सहा महिने पुरत असेल तर ती पुरेशी लावलीच जात नाही. खुरपायला, वेचायला जाणाऱ्या बाईला घट्ट विणीच्या सुती कापडाचा पदर किंवा स्कार्फ हेच जास्त खात्रीचं.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीशेजारी एक काळी राजकन्या रंगवली आहे, दागिन्यांनी मढलेली. छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटरवर. त्याच भिंतींवर गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या अंगाच्या आकृती शेजारी शेजारी आहेत. मराठवाड्याने रंग असा पाहिला होता.

आणि बायोडाटा. जन्मतारीख, नाव, रास, गण, उंची यांच्यामध्ये ‘वर्ण: गोरा’ किंवा ‘वर्ण: निमगोरा’ अशी ओळ असते. सावळ्या मुलीच्या घरी ती ओळ लिहिताना बाप थांबतो, फोटोवाल्याला ‘जरा उजळ करा’ म्हणतो, आणि पाहायला आलेले लोक फोटो आणि मुलगी ताडून बघतात. कमी दिसलेल्या छटेची भरपाई मग हुंड्याच्या बोलणीत होते. ती ओळ कुठल्याही कायद्याने सक्तीची नाही. मुलाच्या मामाने, काकाने फोनवर ‘वर्ण लिहू नका, फोटो जसा आहे तसा पाठवा’ म्हटलं तर ती गळून पडते, आणि हे मुलाकडच्यांनीच म्हणायला हवं, कारण मुलीकडच्यांना ते परवडत नाही.

मेडिकलवर एक गोष्ट आजपासून करता येते. चेहऱ्याची कुठलीही ट्यूब घेताना पक्कं बिल मागायचं, औषधाचं नाव आणि बॅच नंबर टाकलेलं. चिठ्ठीशिवाय शेड्यूल एचचं औषध विकणारा माणूस ते लिहून द्यायला कचरतो, आणि ट्यूब बहुधा परत फडताळात जाते. दिलंच, तर तो कागद जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात नेता येतो. फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.