फुकटचा कार्यक्रम आणि गावचा निवेदक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा मला मान्य करायलाच हवा, म्हणून खाली दोन ओळी न लिहिता वेगळं उत्तर देतो. अमेरिकेतल्या टॉक रेडिओवरून, म्हणजे गाण्यांऐवजी चर्चा आणि श्रोत्यांचे फोन चालणाऱ्या रेडिओवरून, गावचा निवेदक गेला आणि देशभर तोच एक आवाज वाजू लागला, हे मोठं नुकसान आहे असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा गतकाळाचा उमाळा आहे, रश लिंबॉ या देशभर गाजलेल्या उजव्या विचारांच्या निवेदकाला श्रोत्यांनीच डोक्यावर घेतलं आणि मायनटचं उदाहरण मी अर्धवट सांगितलं.

मायनटबाबत तुमचं बरोबर आहे. १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्री दीडच्या सुमारास नॉर्थ डकोटातल्या या गावाबाहेर मालगाडी घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. एकाचा जीव गेला, तीनशेहून जास्त लोकांना त्रास झाला. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीची. पोलीस फोन करत राहिले, कुणी उचलेना. 'स्टुडिओत कुणीच नव्हतं' असं मी लिहून गेलो. कंपनीचं म्हणणं होतं की माणूस होता, पण घाबरलेल्या लोकांच्या फोनमुळे लाइन सतत अडकलेली होती. शिवाय इशारा देण्याची पोलिसांकडची यंत्रणाही नीट चालली नाही. ही बाजू मी द्यायला हवी होती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं धरलं, तरी सहा स्टेशनांच्या गावात त्या रात्री पोलिसांचा फोन घ्यायला एक हात मोकळा नव्हता, एवढं उरतंच.

'श्रोत्यांनी निवडलं' हे मात्र मला पटत नाही. लिंबॉ १९८४ मध्ये सॅक्रमेंटोच्या केएफबीके स्टेशनवर आला आणि १ ऑगस्ट १९८८ पासून देशभर ऐकू येऊ लागला. माणूस बोलण्यात तयार होता, त्याची मतं मला पटत नसली तरी हे नाकारणार नाही. पण पुढे सहाशेहून जास्त स्टेशनांवर तो पोचला, त्यामागे एक व्यवहारही होता. असा कार्यक्रम बऱ्याच स्टेशनांना रोख पैसे न मोजता मिळतो. बदल्यात तासातली काही जाहिरातीची मिनिटं कार्यक्रमवाल्याला द्यायची. संगीत तोवर स्वच्छ आवाजाच्या एफएमकडे गेलेलं, एएम या जुन्या पद्धतीच्या स्टेशनांची कमाई आटलेली. अशा मॅनेजरसमोर एका बाजूला निवेदकाचा पगार, फोन घेणाऱ्याचा पगार; दुसऱ्या बाजूला आयता, गाजलेला कार्यक्रम. तो काय करणार? पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादाच उठली. क्लिअर चॅनेलकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं जमली. ती घेताना काढलेलं कर्ज फेडायचं, तर कापायला सगळ्यात आधी पगार दिसतात. दुपारचा गावचा कार्यक्रम बंद झाल्यावर उरलेला एकच कार्यक्रम लोक ऐकतात, त्याला निवड कसं म्हणायचं?

आणि लिंबॉ घडला कुठे? सॅक्रमेंटोच्या स्थानिक स्टेशनवरच. ती जागा भरायला आता आयता कार्यक्रम असेल, तर पुढचा नवखा कुठे शिकणार?

गावातल्या गटारांची चर्चा कंटाळवाणी असते, हे तुमचं खरं. मीही कितीदा स्टेशन बदललं आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्याकडे टोर्नेडोचा भोंगा वाजला. वीज गेली, मुलांना घेऊन तळघरात बसलो, हातात बॅटरीवरचा छोटा रेडिओ. आमच्या भागातल्या एका टॉक स्टेशनवर दुसऱ्याच राज्यातला कुणी गृहस्थ आयकराबद्दल तावातावाने बोलत होता. मध्ये यंत्राचा आवाज तालुक्याचं नाव घेऊन इशारा वाचायचा, की पुन्हा आयकर. वादळ कुठल्या रस्त्यापर्यंत आलंय, एवढंच मला हवं होतं. धाकटी सारखी विचारत होती, 'बाबा, तो आपल्याबद्दल कधी बोलणार?'

आकाशवाणीही दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करतेच ना, असं तुम्ही विचारलंत. करते, आणि करावीच. माझा विरोध बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमाला नाही, त्याने गावाची जागा खाण्याला आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला तेव्हा पुणेकर ओरडले, आणि निर्णय थांबला. दिल्लीच्या बातम्या नकोत असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नव्हतं.

शेवटचं, तुम्ही न्यू ऑर्लिन्सला राहिलात म्हणून. २००५ च्या कतरिना वादळात डब्ल्यूडब्ल्यूएल हे तिथलं टॉक स्टेशन बोलत राहिलं. पाणी चढल्याने घरात अडकलेली माणसं तिथे फोन करत होती. महापौर रे नेगिन यांनी १ सप्टेंबरला वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारवर जो संताप काढला, तो याच स्टेशनवर, गारलंड रॉबिनेट या स्थानिक निवेदकाशी बोलताना. तो मग जगभर ऐकला गेला. त्या दिवसांत डब्ल्यूडब्ल्यूएलची मालक एंटरकॉम आणि क्लिअर चॅनेल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी माणसं एकत्र आणून एकच प्रसारण चालवलं. म्हणजे मायनटवाली कंपनीसुद्धा हे करू शकत होती, माणसं जागेवर असली की. तुम्ही त्या आठवड्यात तिथेच असाल, तर काय ऐकलंत ते जरूर लिहा. मला ते या लेखात जोडायचं आहे.