नूतन प्राचार्यांस सविनय सल्ला

फादर, किंवा सिस्टर, मुंबईतल्या अथवा वसईतल्या एखाद्या कॅथलिक शाळेचे प्राचार्यपद आपण नुकतेच स्वीकारले असेल, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आपणांस ‘समाजाशी संवाद वाढवा’ असे सुचवील. घाबरण्याचे काहीच कारण नाही. कोणाचेही काही ऐकून न घेता संवाद भरपूर वाढवता येतो, हे आपल्या पूर्वसूरींनी सिद्ध करून ठेवले आहे.

प्रारंभ सूचनाफलकापासून करावा. शुल्क नियमनाच्या 2011 च्या राज्य कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीसाठी सोडत काढावी लागते. ही सोडत कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवावी आणि तिची सूचना काचेच्या कुलूपबंद फलकात, फाटकाच्या आतल्या बाजूस लावावी. ज्यांनी ती वाचायची, त्यांना वॉचमन आत सोडत नाही आणि ज्यांना तो आत सोडतो, ते सहावीत शिकतात.

त्यानंतर व्हॉट्सॲप. गट अवश्य काढावा, मात्र त्यात लिहिण्याचा अधिकार केवळ ॲडमिनला ठेवावा. परिपत्रक आधी लेटरहेडवर छापावे, त्यावर सही आणि निळा शिक्का घ्यावा, आणि मग क्लार्ककडून मोबाइलने त्याचा असा फोटो काढून घ्यावा की, मजकुराच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा यावा आणि तारीख नेमकी त्याखाली जावी. भाषा अर्थातच इंग्रजी. घरी मराठी किंवा गुजराती बोलणारी आई ते परिपत्रक मुलाकडूनच वाचून घेते, त्यामुळे मुलाच्या वर्तनाविषयीची आपली कडक तक्रार घरी पोहोचेपर्यंत बरीच सौम्य होते आणि कुटुंबात शांतता नांदते. वसईत ‘सुवार्ता’सारखे ख्रिस्ती मासिक अनेक दशके मराठीत निघत आले आहे, असे कोणी सांगू लागल्यास विषय बदलावा.

प्रवेशअर्जांच्या तारखा रविवारच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या अखेरीस, शेवटच्या गीताच्या आधी जाहीर कराव्यात. शाळेतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात, त्यामुळे त्यांचे पालक तिथे नसतील. पण जाहीर केले नाही, असे मग कोणालाही म्हणता येत नाही. अतिवृष्टीच्या सुट्टीचा निरोप मात्र घाईने देऊ नये. व्हॅनवाले काका भिजलेल्या मुलांसह फाटकाशी पोहोचले की तो पाठवावा.

आता थोडे खोडसाळ पालकांविषयी. यांच्यातले काही चर्चचे कायदेसुद्धा वाचून येतात. 1983 च्या कॅनन लॉमधील 796 वे कलम दाखवून ते म्हणतील की, शिक्षकांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकावे आणि पालकांच्या सभांना मान द्यावा, असे चर्चनेच लिहून ठेवले आहे. दुर्दैवाने ते खरे आहे. अशा वेळी वाद घालू नये. पोप फ्रान्सिस यांनी 2022 च्या जागतिक संप्रेषण दिनासाठी हृदयाच्या कानाने ऐकण्याचा संदेश दिला होता. तो सुबक चौकटीत बसवून कार्यालयाबाहेरच्या बाकासमोर टांगावा, म्हणजे ‘सिस्टर मीटिंगमध्ये आहेत’ हे उत्तर मिळालेल्या पालकांना तासभर वाचायला काहीतरी राहील. शिवाय संदेशात हृदयाच्या कानाचा उल्लेख आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या कानांवर त्याने कोणतेच बंधन येत नाही.

आदर्शच हवा असेल, तर पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आज फ्रान्समध्ये असलेल्या शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून ती घरोघरी दारांखालून सरकवली. या कथेतला बंद दाराचा भाग आपल्या उपयोगाचा आहे. थंडीवाऱ्यात हिंडून एकेक दार गाठण्याचा भाग कालबाह्य समजावा.

राहता राहिली फीवाढ. ती नाताळच्या शुभेच्छापत्राच्या दुसऱ्या पानावर घालावी, पहिल्या पानावर गव्हाणीचे चित्र ठेवावे आणि शाळेला सुट्टी लागल्यावर संध्याकाळी गटावर टाकावे. दुसरे पान न उघडलेले पालक भाबडेपणाने आपल्यालाही शुभेच्छा द्यायला निघतील, पण त्यांना तिथे लिहिता येणार नाही.