खुलासा: जुन्या हॉर्न स्पीकरांचा बास एकसारखा नसतो

‘जुने हॉर्न स्पीकर खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत हॉर्नवरच चालतात, म्हणून अल्टेक ए-७ आणि क्लिपशहॉर्न यांचा बास सारखाच’ हे या दोन जुन्या स्पीकरांबद्दल सध्या फिरणारे विधान चुकीचे आहे. (हॉर्न म्हणजे आवाज बाहेर नेणारा, कर्ण्यासारखा पसरत जाणारा भाग; बास म्हणजे खालचे स्वर.) ए-७ च्या १५ इंची वूफरपुढचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरपुढचा) हॉर्न आखूड आहे; ४० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे साडेआठ मीटर लांब असल्याने तिथे तो निरुपयोगी ठरतो आणि खालचे स्वर पेटीच्या पोर्टमधून (त्यासाठी ठेवलेल्या भोकातून), म्हणजे बास-रिफ्लेक्स पद्धतीने येतात. १९४६ मध्ये आलेल्या क्लिपशहॉर्नच्या मूळ रचनेत मात्र वूफर बाहेरून दिसतच नाही. त्याचा घडीचा लाकडी हॉर्न मागे उघडतो आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतीच त्याचा शेवटचा भाग होतात. तो भिंतींपासून दूर ओढून ‘बास पातळ आहे’ म्हणणे (आणि हे सर्रास घडते) अन्यायाचे आहे.