फॉर्म बी मिळाला ना, मग झालं!

हॉटेल टाकलंत, अभिनंदन! भट्टीवरच्या हूडमध्ये आग विझवणारी यंत्रणाही बसवलीत म्हणे. आता तिच्या देखभालीचं कंत्राट तेवढं देऊन टाका. तीन कोटेशनं मागवा, सगळ्यांत स्वस्त उचला आणि त्यातलेही हजार-पाचशे तोडा. एवढं करूनही जो हसून ‘चालेल शेठ’ म्हणेल, तो आपला माणूस. तेवढ्या पैशांत तो काय करणार, ही त्याची डोकेदुखी.

महाराष्ट्रात 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, सादर करावा लागतो. यंत्रणा धड आहे म्हणून फॉर्म मिळतो, असा काही भाबड्यांचा समज आहे. प्रत्यक्षात फॉर्म मिळाला की यंत्रणा धड आहे असं समजायचं असतं.

एजन्सीचा पोरगा येईल तो ऐन जेवणाच्या गर्दीत. त्याला चहा पाजा, सिलिंडरवरच्या तपासणीच्या टॅगचा फोटो काढू द्या, पण हूडखाली शिडी लावू देऊ नका. वर गेला तर नसती लफडी दिसतील. रसायन फवारणाऱ्या नॉझलची टोपी कधीच गळून पडलेली, भोकात तेलाचा चिकटा. उष्णतेने वितळून यंत्रणा सोडणारी ती चिमुकली कडी तेलकट काजळीने इतकी माखलेली, की आग लागल्याचं तिला शेवटी कळावं. हाताने ओढायचा खटका कांद्याच्या पोत्यांमागे. पाइपला वस्तादांचे झारे टांगलेले. ते मात्र व्यवस्थित, मापाप्रमाणे.

शिवाय तो विचारेल, ‘शेठ, फ्रायर इथे कधी आणला?’ मेनूत चायनीज घेतलं तेव्हा! नॉझल मात्र अजून जुन्या जागेवर, जिथे आता पाव ठेवतात. पाव पूर्ण सुरक्षित आहेत.

सिलिंडरमधलं रसायन पेटत्या तेलावर पडलं की वर साबणाचा थर धरतो, हवा तुटते आणि आग विझते. साबणावर एवढा खर्च कशाला? भांडी घासणाऱ्या पोऱ्याला बादली दाखवून ठेवा. पेटत्या तेलात पाणी ओतलं की ज्वाळा छतापर्यंत जाते; निदान आग कुठे आहे ते तरी सगळ्यांना दिसेल.

सिलिंडरची हेळसांड करा, असं मात्र मी म्हणणार नाही. खंडेनवमीला झेंडूचा हार घाला, दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढा. त्या बोटाखाली काटा कुठे आहे हे बघायची मग गरज उरत नाही.

29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलमध्ये 14 जीव गेले. ती आग स्वयंपाकघरातली नव्हती, पण त्यानंतर महापालिकेने शहरभर हॉटेलांच्या बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला. तेव्हापासून आपण हातोड्याला भितो, आगीला नाही.

कोणी म्हणेल, कंत्राट दिलं तरी कायद्यात जबाबदारी मालकाची नाहीतर भोगवटादाराची. ते कलम वाचू नका, उगाच जेवण जात नाही. त्यापेक्षा जुलै जवळ आलाय, शेजारच्या बारवाल्याला विचारा: दोन फॉर्म एकदम घेतले तर भावात फरक पडतो.