समुद्र दिसतो ना, मग सोडा आईला तिथे

जो गावात उरतो त्याच्या वाट्याला एक काम हमखास येतं. मुंबई-पुण्याची भावंडं फोन करतात, "अरे, जरा जाऊन बघून ये ना." आमच्या आत्येसाठी तिच्या मुलांनी किनाऱ्यालगतचं एक नर्सिंग होम पसंत केलं, तेही फोनवर व्हिडिओ बघून. परवा मी तिथे जाऊन आलो. चांगलं नर्सिंग होम कसं ओळखावं हे आपल्या लोकांना किती उत्तम कळतं, ते तिथे समजलं. त्यांची पद्धत जशीच्या तशी देतो, तुमच्याही उपयोगी पडेल.

खिडकीतून समुद्र दिसलाच पाहिजे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि कुशीवर वळायला दोन माणसं लागणाऱ्या बाईला सूर्यास्ताची फार निकड असते. जन्मभर तिने समुद्राकडे पाहिलं ते होडी आली का एवढ्यापुरतं, पण आता पाहील हो निवांत. पुढे झोपाळा, मागे नारळ, गेटवर जांभ्याची कमान. कमान भक्कम असली की आतली सिस्टर शिकलेली आहे असं धरून चालावं.

भेटीची वेळ पाळा. चार ते पाच म्हणजे चार ते पाच. तेव्हा सगळ्यांची वेणीफणी झालेली असते, तोंडाला पावडर लागलेली असते, फिनेलचा वास ताजा असतो. रात्री दोन वाजता तिथे कोण असतं असल्या चौकशा करू नयेत, बरं दिसत नाही. असते कुणीतरी. शेजारच्या वाडीतली गुणी पोर, अख्ख्या मजल्याला एकटी. तिने नर्सिंगचं तीन वर्षांचं जीएनएम केलंय, त्याहून लहान एएनएम केलंय की कुठलं सर्टिफिकेट विकत आणलंय, हे विचारून तिला लाजवू नका.

बाथरूममध्ये धरायला दांडा नसला तरी टाइल्स कशा गुळगुळीत आहेत, ते बघा.

कागदपत्रांत वेळ घालवू नका. आमदारसाहेब फीत कापतानाचा फोटो भिंतीवर असला की पुरे. त्याच्या शेजारी १९४९ च्या महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र लावलेलं असावं आणि त्याची मुदत संपलेली नसावी, असं काही खडूस लोक म्हणतात. मी खडूस, मी विचारलं. मॅनेजरने ट्रस्टच्या नोंदणीचा कागद पुढे केला. अहो, ट्रस्ट तर आमच्या वाडीतल्या देवळाचाही आहे, म्हणून तिथे कुणी सलाइन लावून घ्यायला जात नाही! मग मी फॉर्म बी मागितला, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. हा दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. त्यावर साहेबांनी चहा मागवला. भंडाऱ्याच्या रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आग लागून दहा अर्भकं गेली, तेव्हा चार दिवस सगळ्या महाराष्ट्रात तपासण्यांची लगीनघाई होती. पाचवा दिवस केव्हाच उजाडला.

पावसाळ्याची चिंता तर मुळीच नको. कोकणात लाइट जाते कुठे? ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे लोकांनी कितीतरी दिवस अंधारात काढले, ते हौसेने. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली, तीही सहज. त्यामुळे जनरेटर पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, तळमजल्यावर बसवलेला असला तरी काही हरकत नाही. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घालतात, त्या एअर बेडचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की गादी चपटी होते आणि हाडं खालच्या फळीला टेकतात. पण एवढं कोण बघतो?

इन्शुलिन कुठे ठेवता? फ्रीजमध्ये. फ्रीज उघडला. सुरमई होती.

आता सर्वांत महत्त्वाचं, व्हॉट्सॲप ग्रुप. ज्या नर्सिंग होमचा ग्रुप आहे तिथे डोळे मिटून नाव घाला. रोज सकाळी आईचा फोटो येतो, खाली सुप्रभात आणि दोन फुलं. दुबईहून बदाम, ठाण्याहून हात जोडलेले, पुण्याहून "मस्त दिसतेस आई!" संपली ड्यूटी. फोटो नेहमी खांद्याच्या वर असतो आणि चादर गळ्यापर्यंत ओढलेली असते, हे सोडून द्या, थंडी वाजत असेल. मे महिन्यात. रत्नागिरी जिल्ह्यात.

मी म्हटलं, जरा आत्येला कुशीवर वळवून बघू. "आत्ताच झोपवलंय, नको," असं उत्तर आलं. खाटेच्या पायथ्याशी तक्ता अडकवला होता, दर दोन तासांनी कूस बदलल्याचा. सगळ्या रकान्यांत टिकमार्क, एकाच निळ्या पेनाने, एका दमात केलेले. तेव्हा साडेचार वाजले होते. तक्त्यावर रात्री दहाची कूस बदलून झाली होती!

मग मी विचारायचं थांबवलं आणि चादर बाजूला केली. डाव्या टाचेवर काळा डाग. माकडहाडावर गॉजचा तुकडा, पिवळा पडून कातडीला चिकटलेला, कधीचा ते त्यालाच माहीत. टेबलावर पाण्याचा ग्लास, काठोकाठ भरलेला, तिच्या हाताला लागणार नाही इतका लांब. ओठ फुटलेले. पाणी का देत नाही? तर मावशी खरं बोलून गेली: "जास्त पाजलं की डायपर जास्त लागतात ना, साहेब ओरडतात." त्या मावशीवर मी काय रागवायचं? बारा तास ती तिथे उभी असते, आणि डायपर मोजणारा तिसराच कुणी असतो.

मी खालूनच आत्येच्या थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काय सांगतोस? फोटोत तर फ्रेश वाटत होती."

फ्रेश! भाजी आहे का ती? फोटोत माकडहाड दिसत नाही, दादा. वास येत नाही. "बाय, जरा पानी दी गो," म्हणून कुजबुजलेलं ऐकू येत नाही. भाड्याची खोली घेताना तुम्ही नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारता, गाडी घेताना खाली वाकून बघता, आणि आईला ठेवताना खिडकीतला समुद्र बघता?

आता सरळच सांगतो. न कळवता जा, रात्री नऊनंतर जा. आत सोडत नसतील तर तिथेच निकाल लागला. सोडलं तर चादर उचला. टाचा, खुबे, माकडहाड, खांद्याची मागची बाजू बघा. तक्त्यावर पुढच्या वेळेच्या टिका आहेत का ते बघा. रात्रीच्या मुलीला तिचं शिक्षण विचारा, तिच्याकडे किती माणसं आहेत ते विचारा, आणि डॉक्टर शेवटचे कधी आले तेही. संध्याकाळी सगळी खोली एकदम गुडूप झोपलेली दिसली तर कुठली गोळी देताय ते लेखी मागा. दाद देत नसतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचा एकदा. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलंय. दरमहा पैसे भरतो म्हणजे आपण टाकून दिलेलं नाही, असं स्वतःचं समाधान करून घेऊ नका.

आणि हो, गणपतीला गावी आलात की तिच्यासाठी मोदक घेऊन जाऊ नका. तिला आता घट्ट काही गिळता येत नाही, मऊ पेज भरवावी लागते. ग्रुपवर कुणी टाकलं नसेल.