भीमथडी गाताय, पण भीमथडी बघितलीय का?

परवा भाचीच्या शाळेत कार्यक्रमाला गेलो होतो. राज्यगीत झालं, भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजायची ओळ आहे ते. 2023 पासून ते अधिकृत आहे, त्यामुळे पोरांना तोंडपाठ. नंतर मी भाचीला सहज विचारलं, "भीमथडीचं तट्टू म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मामा, भीमथडी म्हणजे ती जत्रा ना? पुण्यातली?"

हसलो, पण पोरीचं काय चुकलं? आमचं गाव दौंडच्या अलीकडचं. इंग्रजी अमदानीत या भागात भीमथडी नावाचा आख्खा तालुका होता. थडी म्हणजे काठ. गोदेची ती गंगथडी, भीमेची ती भीमथडी. मराठ्यांचं घोडदळ ज्या काटक, बुटक्या, कमी चंदीत दिवसभर पळणाऱ्या घोड्यांवर दूरवर गेलं, ती भीमा-नीरेच्या खोऱ्यातली. आणि त्या मुलखात जन्मलेल्या मला चाळिशीपर्यंत यातलं धड काही ठाऊक नव्हतं.

त्यामुळे हल्ली चौकाचौकात उधळलेल्या घोड्याचा फायबरचा पुतळा बसवायची टूम निघालीय ना, तिचा मला मनापासून वैताग येतो. अहो, घोड्याच्या खुणा या मुलखात जागोजागी पडल्यात. त्या आधी बघा की!

पेडगावपासून सुरुवात करा. 'वेड पांघरून पेडगावला' आपण उठता-बसता म्हणतो, पण त्या पेडगावला गेलेत किती जण? श्रीगोंदा तालुक्यात, ऐन भीमेच्या काठावर भुईकोट आहे. औरंगजेबाचा सुभेदार बहादूरखान कोकलताश इथं तळ देऊन होता, म्हणून बहादूरगड; आता धर्मवीरगड म्हणतात, कारण 1689 मध्ये संभाजी महाराजांना कैद करून इथंच औरंगजेबासमोर आणलं. या दुसऱ्या गोष्टीवर मी इथं लिहिणार नाही, तिला वेगळी जागा हवी.

पण पहिली गोष्ट घोड्यांची आहे. 1674 चा पावसाळा, राज्याभिषेकाला जेमतेम महिना झालेला. मराठ्यांची दोन हजारांची तुकडी छावणीवर चालून येते, खान फौज घेऊन बाहेर पडतो, हे पळतात, तो मागं लागतो. पन्नासेक मैल. तेवढ्यात दुसरी सात हजारांची तुकडी मोकळ्या पडलेल्या छावणीत शिरते आणि एक कोटीचा ऐवज आणि 200 उत्तम घोडे घेऊन पसार. हे घोडे बादशहाला नजर करायचे होते म्हणे! लोक कोटीचा आकडा सांगतात, मला ते दोनशे घोडे जास्त मोलाचे वाटतात. अरबी घोडा तेव्हा समुद्रापलीकडून बंदरात उतरायचा, किंमत मागाल ती. आणि शिलेदार म्हणजे काय, तर स्वतःचा घोडा असलेला माणूस. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा, तो बारगीर. अंगणात घोडा आहे की नाही, यावर माणसाचा मान ठरत होता.

किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं यादवकालीन देऊळ आहे, त्याच्या भिंतींवरचं कोरीव काम सावकाश बघा. आणि नदीकडच्या तटाजवळ पाणी वर चढवायची जुनी व्यवस्था आहे. हत्ती मोट म्हणतात तिला. मी गेलो तेव्हा तिथं फक्त एक गुराखी होता आणि मुबलक वेडी बाभळ.

इकडे शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची छावणी इथली. पूना हॉर्स हे 1817 चं घोडदळ बरीच वर्षं इथं असायचं. आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे, नाव मात्र हॉर्सच. तारापोर आणि खेत्रपाल, दोघंही परमवीर याच रेजिमेंटचे. शिरूरच्या कबरस्तानात कर्नल वॉलेसची 1809 ची कबर आहे. गावकरी त्या गोऱ्याला सत्पुरुष मानून नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. आपली माणसं कुणाला देव करतील, नेम नाही.

त्याच तालुक्यात आलेगाव पागा. पागा! गावाच्या नावातच तबेला. कंपनी सरकारनं घोड्यांच्या पैदाशीचं केंद्र इथंच काढलं होतं. मी एसटीच्या पाटीवर हे नाव शंभर वेळा वाचलं असेल, डोक्यात प्रकाश मात्र पडला नाही.

आणि बेलवाडी. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथं होतं. अश्व धावून गेला की माणसं वाकतात, टापांखालची माती चिमटीत घेतात, कपाळाला लावतात. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या आजींनी ती माती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. "नातवाला लावायची हाय," म्हणाल्या.

खरं भीमथडी तट्टू मला भेटलं ते मात्र कुठल्या स्थळावर नाही, डांबरी सडकेवर. दिवाळीनंतरचे दिवस. धनगरांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाड-मेंढरांसकट फिरता तांडा, कोकणाकडं निघालेला. पुढं मेंढरं, मागं चार घोडी. एकीच्या पाठीवर पाल, भांडी, उलटी खाट, खाटेत दोन कोकरं आणि पाय बांधलेली कोंबडी. घोडी माझ्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती. ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेला, तिनं कान तेवढा फिरवला. मी गाडी बाजूला घेतली आणि शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, ही भीमथडी का?"

"घोडी हाय," त्या म्हणाल्या. "नाव तुमी ठिवा."

बरं, नाव ठेवून झालंय. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवलीय. धनगरांनी सांभाळली म्हणून नोंदवायला काही उरलं. आता त्या जातीनं चरायचं कुठं? कालवा आला, ऊस आला, कुरणं गेली. मीही ऊसच लावतो, तेव्हा दुसऱ्याकडं बोट दाखवत नाही. पण पुतळ्याला लाखो रुपये निघतात, तर वाड्याच्या वाटेवर चार ठिकाणी गायरान मोकळं आणि पाण्याचा हौद भरलेला ठेवायला काय हरकत आहे? आणि आलेगाव पागाच्या फाट्यावर एक साधा फलक, चार ओळींचा. मजकूर मी फुकट लिहून देतो.

भाचीला या सुट्टीत पेडगावला नेतोय. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. पाणी आणि टोपी आपापली. किल्ल्यात सावली म्हणाल तर देवळातच.