वरातीमागून घोडं, तेही पगारी

अमेरिकेच्या आधुनिक राजकीय संस्कृतीचा इतिहास शिकवून पोट भरायचं ठरवलंत? उत्तम. मग जिंकलेल्या माणसाच्या वाटेला जाऊ नका, तिथे आधीच गर्दी आहे. सपाटून हरलेला उमेदवार शोधा. रिपब्लिकन पक्षाचा कडवा उजवा बॅरी गोल्डवॉटर झकास. १९६४ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पन्नासपैकी सहा राज्यं त्याच्या पदरात पडली, त्यातलं एक त्याचं घरचंच.

हा विषय किती पिकाऊ आहे बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलंबिया विद्यापीठाचे इतिहासकार रिचर्ड हॉफ्स्टॅटरांनी ‘हार्पर्स’ मासिकात या उजव्या मंडळींच्या संशयी वृत्तीचं निदान केलं. रोगाला नाव मिळालं की रोग हटतो, अशी विद्वानांची जुनी श्रद्धा. रोग्याने मात्र ‘हार्पर्स’ वाचला नसावा. दोन वर्षांत तो रोनाल्ड रेगनच्या रूपाने कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला, आणि १९८० साली थेट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. मग १९९४ मध्ये त्याच कोलंबियातल्या ॲलन ब्रिंकलींनी लिहिलं, की आपण इतिहासकारांनी या लोकांकडे नीट लक्षच दिलं नाही. तीस वर्षांनी! दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशा कबुलीनंतर दुकान बंद झालं असतं. इथे ती रोजगार हमी योजना ठरली. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतल्या गृहिणी कॉफी पिता पिता कम्युनिस्टांविषयी काय बोलत होत्या, यावर लोक डॉक्टर झाले.

कागदपत्रांचं तंत्र आधीच समजून घ्या. १९७८ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाचे काही कागद तो पायउतार झाल्यावर बारा वर्षांपर्यंत कुलपात राहू शकतात. तुम्हाला नोकरीत कायम होण्यासाठी मिळतात साधारण सहा. म्हणून शहाण्याने निक्सन धरावा. त्याने स्वतःच स्वतःचं सुमारे ३,७०० तास ध्वनिमुद्रण करून ठेवलंय. ते ऐकायला वेळ नसेल तर वॉटरगेट प्रकरणात गाजलेली, त्यातली पुसली गेलेली साडेअठरा मिनिटं आहेतच. तिथे काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं कोणी खोडूनही काढू शकत नाही.

शिकवणं? त्याची फार काळजी करू नका. डेझीच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट, ही गोल्डवॉटरला हरवणाऱ्या जॉन्सनच्या प्रचाराची फिल्म लावा. पैसे मोजून ती टीव्हीवर एकदाच दाखवली होती, ७ सप्टेंबर १९६४ ला. त्यानंतरचा खप बराचसा आपल्याच वर्गांमुळे. दिवे पुन्हा लागेपर्यंत तास अर्धा सरलेला असतो.

वाहिनीवाल्यांचा फोन येईल. ‘असं पूर्वी कधी घडलं होतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणालात तर इतिहासकार कशाला हवा? ‘हो’ म्हणालात तर बातमी उरत नाही. तेव्हा ‘हो, पण संदर्भ वेगळा होता’ असं म्हणा आणि संदर्भ सांगायला लागा. दुसऱ्या वाक्याला जाहिराती सुरू होतात.

भविष्य मात्र चुकूनही वर्तवू नका. आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण निवडणुकीच्या आधी छापायला देऊ नका. दिलंच असेल, तर निकालाच्या रात्री झोपण्यापूर्वी प्रकाशकाला ईमेल टाका. सकाळवर ढकलू नका, तोवर रांग लागलेली असते.